चांदीच्या झाडाखालचा माणूस

मंगोलियाच्या ५,००० तुग्रिकच्या नोटेवर पुढच्या बाजूला चंगीझ खानाचा चेहरा आहे आणि मागच्या बाजूला एक झाड. झाड चांदीचं आहे. बुंध्याशी चार सिंह, खोडाला विळखा घातलेले साप आणि शेंड्यावर तुतारी धरलेला देवदूत. तेराव्या शतकात हे झाड काराकोरम नावाच्या शहरात, मंगोल सम्राटाच्या महालाच्या दाराशी उभं होतं.

ते नुसतं शोभेचं नव्हतं. ते दारू वाढायचं! सिंहांच्या तोंडातून घोडीचं दूध यायचं. खोडातून वर नेलेल्या नळ्यांमधून चार प्रकारची पेयं खालच्या भांड्यांत पडायची. एकीतून द्राक्षाची दारू, दुसरीतून घोडीच्या दुधाची, तिसरीतून मधाची आणि चौथीतून तांदळाची. पेय हवं झालं की मुख्य वाढपी देवदूताला हुकूम सोडायचा. देवदूत तुतारी ओठाला लावायचा, तुतारी वाजायची आणि महालाबाहेरच्या कोठारातले नोकर आपापल्या नळीत पेय ओतायला लागायचे.

आता देवदूत धातूचा. तो फुंकर कशी मारणार? कारागिराने आधी भाते बसवून पाहिले, पण त्यांची हवा पुरेना. शेवटी झाडाखाली एक पोकळी केली आणि तिच्यात एक माणूस बसवला. हुकूम ऐकू आला की तो खालून जीव खाऊन नळीत फुंकायचा. वर बसलेल्या पाहुण्यांना दिसायचा तो फक्त देवदूत.

ही सगळी माहिती आपल्यापर्यंत पोचली ती रुब्रुकच्या विल्यममुळे. हा अनवाणी फिरणारा फ्रान्सिस्कन साधू १२५४ मध्ये काराकोरमला आला आणि परतल्यावर त्याने फ्रान्सच्या राजाला, नवव्या लुईला, सविस्तर अहवाल लिहिला. झाड घडवणाऱ्याचं नावही त्याने नोंदवलं आहे. गियोम बूशे, पॅरिसचा सोनार. मंगोलांच्या हंगेरीवरच्या स्वारीत तो पकडला गेला आणि हजारो मैल पूर्वेला आणला गेला. त्याने हे झाड घडवलं ते चंगीझचा नातू मोंगके याच्यासाठी. चंगीझ तर १२२७ मध्येच गेला होता. म्हणजे नोटेच्या एका बाजूला आहे तो राजा, ज्याने हे झाड कधी पाहिलंच नाही, आणि दुसऱ्या बाजूला आहे ते काम, ज्याचा कर्ता एक युद्धकैदी होता.

मला या नोटेची थट्टा करायची नाही. जगातल्या बहुतेक देशांच्या नोटा अशाच असतात. मला प्रश्न पडतो तो वेगळा. जबरदस्तीने आणलेल्या माणसांच्या हातून एखादी सुंदर गोष्ट घडली, तर तिचं कौतुक करावं का? आणि केलं, तर ते कौतुक नेमकं कोणाच्या खात्यात जमा होतं?

*

काराकोरम हे या प्रश्नासाठी फार चांगलं शहर आहे, कारण आजकाल त्याची खूप स्तुती होते. मंगोल म्हणजे कवट्यांचे ढीग रचणारे रानटी लोक, ही जुनी गोष्ट मागे पडली आहे. तिच्या जागी नवी गोष्ट आली आहे, ती तुम्हीही एखाद्या रीलमध्ये किंवा पॉडकास्टमध्ये ऐकली असेल. मंगोल साम्राज्य म्हणजे पहिलं जागतिकीकरण. व्यापाराचे रस्ते सुरक्षित. निरोप पोचवणाऱ्या घोडेस्वारांची टप्प्याटप्प्याची व्यवस्था. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे सर्व धर्मांना मोकळीक.

ही नवी गोष्ट खोटी नाही. विल्यमने काराकोरममध्ये वेगवेगळ्या लोकांची १२ मूर्तिमंदिरं, २ मशिदी आणि १ चर्च मोजलं. शहराचे दोन मोठे भाग त्याने सांगितलेत. एक मुसलमानांचा, तिथे बाजार भरायचा. दुसरा चिनी लोकांचा, ते सगळे कारागीर. मातीच्या तटाला चार दरवाजे होते. पूर्वेला धान्य विकलं जायचं, पश्चिमेला शेळ्या-मेंढ्या, दक्षिणेला बैल आणि गाड्या, उत्तरेला घोडे. मोंगकेने ख्रिस्ती, मुसलमान आणि बौद्ध पंडितांचा वादविवाद ठेवला, त्यात विल्यम स्वतः बोलला. वाद संपल्यावर कोणी कोणाचं डोकं फोडलं नाही, सगळे मिळून भरपूर प्यायले. पुढे मोंगकेने त्याला एक दृष्टान्त दिला: हाताला जशी वेगवेगळी बोटं, तशा देवाने माणसांना वेगवेगळ्या वाटा दिल्या आहेत. त्या काळच्या युरोपात पाखंडी ठरलेल्यांना जाळत होते, हे लक्षात घेतलं तर खानाचं हे बोलणं ऐकून कोणालाही बरं वाटेल.

मग पुढचा प्रश्न विचारावा लागतो. हे इतके वेगवेगळे लोक या ओसाड माळावर एकत्र आले कसे?

काही व्यापारी होते, काही वकील म्हणून आलेले, काही नशीब काढायला आलेले. पण पुष्कळांना आणलं गेलं होतं. मंगोल सैन्याची एक ठरलेली रीत होती. शहर पडलं की लोकांना बाहेर मैदानात काढायचं आणि त्यातून कारागीर वेगळे करायचे. बाकीच्यांचं काय व्हायचं ते त्या शहराने किती प्रतिकार केला यावर ठरायचं. जुवैनी हा इराणी इतिहासकार मंगोलांच्याच चाकरीत होता. तो लिहितो की १२२० मध्ये समरकंद पडल्यावर ३०,००० कारागीर निवडून खानाच्या मुलांमध्ये आणि नातेवाइकांमध्ये वाटले गेले. १२२१ मध्ये मर्व्हची कत्तल झाली तेव्हा ४०० कारागीर वगळले गेले. मध्ययुगीन इतिहासकारांचे मोठे आकडे जपून घ्यावे लागतात, पण रीत काय होती ते त्यातून स्वच्छ दिसतं. हातात कसब असेल तर जीव वाचायचा. आणि तो वाचला की मग तो तुमचा राहायचा नाही.

आपल्या भाषेलाही या साम्राज्याची आठवण आहे, आपल्या लक्षात येत नाही इतकंच. 'काय मोगलाई लागून गेलीय का?' असं आपण सहज म्हणतो. मोगल हा शब्द 'मंगोल'चंच फारसी रूप, आणि बाबराची आई चंगीझच्या वंशातली होती. 'दरोगा' हाही मूळचा मंगोल शब्द. जिंकलेल्या मुलखावर नजर ठेवायला नेमलेला अधिकारी म्हणजे दरुगा. 'उर्दू' हे भाषेचं नाव ज्या शब्दावरून आलं, तो 'ओर्दू' म्हणजे खानाची छावणी. काराकोरम हे एका अर्थी विटामातीत बांधलेलं ओर्दूच होतं. खान तिथे वर्षभर राहायचाही नाही. ऋतूप्रमाणे त्याचा मुक्काम हलायचा. कायमचे राहायचे ते हे आणलेले लोक.

*

या टप्प्यावर दोन सोपी उत्तरं समोर येतात.

पहिलं असं, की तेव्हाचा काळच तसा होता, आजचे मापदंड तेव्हाच्या लोकांना लावू नका. मला हे उत्तर पटत नाही. त्यासाठी आजचे मापदंड लावायची गरजच पडत नाही. १२२१ मध्ये छिउ छुजी हा वयोवृद्ध ताओपंथी साधू चंगीझला भेटायला चीनहून निघाला होता. वाटेत तो पश्चिम मंगोलियातल्या चिन्काई नावाच्या अधिकाऱ्याने वसवलेल्या वसाहतीत थांबला. तिथे आणून ठेवलेले चिनी कारागीर होते. आपल्याकडचा साधू आला म्हणून ते मिरवणुकीने सामोरे आले. हरलेल्या जिन राजघराण्यातल्या स्त्रियाही तिथे होत्या, त्या त्याला भेटून रडल्या. हे त्याच्या शिष्याने लिहून ठेवलं आहे. त्यांना रडायला एकविसाव्या शतकातली नीतिमूल्यं लागली नाहीत. आपल्यावर काय गुदरलंय ते त्यांना तेव्हाच कळत होतं. 'काळच तसा होता' असं म्हणताना आपण त्या काळातल्या फक्त जिंकणाऱ्यांना मोजतो.

दुसरं उत्तर उलटं. हे सगळं गुलामीवर उभं होतं, तेव्हा कौतुक वगैरे काही नको, ही फक्त एका अत्याचाराची जागा आहे. हे ऐकायला नैतिक वाटतं. पण मग विल्यमच्या अहवालातली पाकेत आडवी येते.

पाकेत ही लॉरेन प्रांतातल्या मेत्स गावची बाई. तीही हंगेरीत पकडली गेली. खानाच्या छावणीपर्यंत पोचेतो तिने जे सोसलं ते ऐकवत नाही, असा विल्यमचा सूर आहे. पण तो तिला भेटला तेव्हा तिचं बरं चाललं होतं. तिने एका तरुण रशियन माणसाशी लग्न केलं होतं, त्यांना तीन गोड मुलगे होते आणि नवऱ्याला घरं बांधता यायची. त्या मुलखात या कसबाला चांगला भाव होता. फ्रेंच बोलणारा माणूस दिसल्यावर तिने घरी होतं नव्हतं ते काढून विल्यमला आणि त्याच्या सोबत्यांना जेवू घातलं.

आता पाकेतला आपण काय म्हणणार? 'बाई, तुझं घर, तुझी मुलं, तुझा हा पाहुणचार म्हणजे फक्त एका गुन्ह्याचा परिणाम आहे'? तिच्यावर गुन्हा झाला, यात शंका नाही. पण त्यानंतर ती जगली, तिने माणसं जोडली, दारी आलेल्याला वाढलं. तिला नुसती बळी ठरवली तर पकडणाऱ्यांनी तिचं जे केलं तेच आपण शब्दांत करतो. तिच्या आयुष्यातला तिचा वाटा काढून घेतो.

मला वाटतं, प्रश्नाची मांडणीच बदलायला हवी. 'काराकोरम चांगलं की वाईट?' असं विचारलं की आपण पूर्ण शहराला एकच गुण देऊन मोकळे होतो. त्याऐवजी तिथली कोणती गोष्ट कोणी केली, असं एकेक करून विचारावं.

*

योगायोग असा, की या शहराच्या उत्खननाचा इतिहासही असाच हळूहळू राजाकडून रहिवाशांकडे सरकला आहे.

काराकोरमची भुई मुळातच ओसाड पडलेली. १२६० नंतर कुबलाई आणि त्याचा भाऊ अरिक बोके यांच्यात गादीचं युद्ध झालं, कुबलाई जिंकला आणि राजधानी चीनमध्ये, आजच्या बीजिंगला गेली. १३८८ मध्ये मिंग फौजांनी काराकोरम उद्ध्वस्त केलं. १५८६ मध्ये अवशेषांशेजारी एर्देने झू हा बौद्ध मठ उभारला गेला, त्याला जुन्या शहराचेच दगड वापरले. १८८९ मध्ये याद्रिन्त्सेव्ह या रशियन संशोधकाने ओर्खोन नदीच्या खोऱ्यातल्या या अवशेषांकडे पुन्हा लक्ष वेधलं. १९४८-४९ मध्ये सोव्हिएत पुरातत्त्वज्ञ किसेल्योव्ह यांनी मोठं उत्खनन केलं. त्यांना खांबांच्या पायांच्या रांगा असलेली एक भव्य इमारत सापडली. हाच ओगेदेई खानाचा १२३५ मधला महाल, असं त्यांनी जाहीर केलं आणि पुढची पन्नास वर्षं पुस्तकांत तेच छापलं गेलं.

मग एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला मंगोलियन आणि जर्मन संशोधकांनी तीच जागा पुन्हा तपासली. बौद्ध मूर्तींचे तुकडे, मातीचे छोटे नवसाचे स्तूप, मंदिरासाठी कौलं आणि मूर्ती भाजणाऱ्या भट्ट्या असं काय काय मिळालं. तो महाल नव्हताच. ते एक प्रचंड बौद्ध मंदिर होतं. १३४६ च्या चिनी आणि मंगोल अशा दोन भाषांतल्या शिलालेखात त्याचं वर्णनही होतं. खरा महाल बहुधा एर्देने झू मठाच्याच खाली आहे.

इतकी वर्षं सगळे महाल शोधत होते. पण शहर समजलं ते दुसऱ्या एका खड्ड्यातून. बॉन विद्यापीठाच्या चमूने शहराच्या मधोमध, मुख्य रस्त्याच्या कडेला खोदलं. तिथे चिनी कारागिरांची वस्ती निघाली. धातू वितळवायच्या भट्ट्या, ओतीव लोखंडाचे गाडीच्या चाकात बसवायचे तुंबे, काचेचे मणी, नाणी, वजनं. घरांत चिनी पद्धतीचे उबदार ओटे होते, चुलीचा धूर त्यांच्या खालून फिरवून मग बाहेर सोडलेला. त्या थंडीत हा ओटा नसेल तर माणूस टिकायचा नाही. मातीत धान्याचे जळके दाणे मिळाले. वरीसारखं भरड धान्य, जव, गहू आणि दुरून आलेली फळंसुद्धा.

२०२१ मध्ये बॉनच्याच संशोधकांनी सगळ्या परिसराचा नकाशा प्रसिद्ध केला. अतिसंवेदनशील चुंबकमापक जमिनीवरून फिरवून, ४०० हेक्टरहून जास्त जागेत मातीखाली काय आहे ते त्यांनी न खोदता टिपलं. रस्ते, वाडे, घरांची आवारं. आणि वस्ती तटाच्या आत मावलेली नव्हती, बाहेर जाणाऱ्या रस्त्यांच्या कडेने दूरवर पसरली होती. ज्या संस्कृतीत जमिनीला जखम करणं वाईट मानतात, तिथे ही न खोदता बघण्याची पद्धत मला जास्त सभ्य वाटते.

पण या सगळ्यात एक अडचण आहे आणि ती यंत्र सुधारून सुटणारी नाही. भट्टी सांगते की इथे लोखंड ओतलं. ओतणारा स्वखुशीने आला होता की दोरीला बांधून, हे भट्टी सांगत नाही. मणी सुंदर असतो तो दोन्ही बाबतींत सारखाच. जमीन वस्तू जपून ठेवते, सक्ती जपून ठेवत नाही.

क्वचित ठेवते. व्होल्गा नदीकाठी मंगोलांच्याच पश्चिमेकडच्या शाखेची, सुवर्ण टोळीची शहरं होती. तिथे अनेक वर्षं खोदकाम केलेले गेर्मान फ्योदोरोव-दाविदोव यांना श्रीमंतांच्या वाड्यांच्या आसपास जमिनीत खणून केलेल्या खोपट्या मिळाल्या. या गुलामांच्या राहायच्या जागा, असं त्यांचं म्हणणं. पुढच्या काळात त्या खोपट्या कमी होत जातात आणि कारागिरांची स्वतंत्र छोटी घरं दिसू लागतात. याचा अर्थ त्यांनी असा लावला की आणलेली माणसं हळूहळू गुलामीतून निघून निम्मी-अर्धी का होईना, मोकळी होत गेली. माझ्या मते मंगोल शहरांच्या पुरातत्त्वातली ही सगळ्यात हलवून टाकणारी नोंद आहे. जमिनीखालचा माणूस जमिनीवर आला. त्याचा शिलालेख कोणी कोरला नाही. राहायच्या जागेची उंची बदलली, तेवढीच नोंद.

*

आता कौतुकाच्या हिशोबाकडे परत येऊ.

खानाच्या खात्यात काही जमा होतं का? होतं, नाही म्हणणं खोटेपणाचं ठरेल. त्याने मशिदी पाडल्या नाहीत, देवळं बंद केली नाहीत. हातात सगळी सत्ता असताना एखादी वाईट गोष्ट न करणं, हेही श्रेयच आहे. शहर जगवायचा खर्चही त्याचाच होता. रशीदुद्दीनच्या इतिहासात खाण्यापिण्याच्या ५०० गाड्या रोज काराकोरमला यायच्या असं म्हटलंय. कुबलाईने भावाशी लढताना चीनकडून येणारं धान्य तोडलं, तेव्हा शहर उपाशी पडलं आणि १२६४ मध्ये अरिक बोकेला शरण जावं लागलं. म्हणजे वरून आधार होता म्हणून खालचं सगळं चाललं होतं, हे मान्य.

पण 'काराकोरममध्ये सगळे धर्म गुण्यागोविंदाने नांदले' या वाक्यातलं नांदणं खानाने केलेलं नाही. ते तिथल्या शेजाऱ्यांनी केलं. मर्व्हहून किंवा हंगेरीहून उपटून आणलेला माणूस, ज्याचं गाव जळलंय, ज्याची माणसं मारली गेलीत, तो दुसऱ्या तशाच माणसाच्या शेजारी राहायला लागतो. भाषा वेगळी, देव वेगळा. तरी तो त्याच्याकडून निखारा मागून आणतो, बाजारात त्याच्याशी घासाघीस करतो, त्याच्या मुलीशी लग्न करतो. हे करायला कोणतंही फर्मान पुरत नाही. घराला आग लागल्यावर शेजाऱ्यांनी एकमेकांना आसरा दिला, तर आपण आगीचे आभार मानत नाही.

यावर एक आक्षेप येईल. आग लागलीच नसती तर ते शेजारी एकमेकांना भेटलेच नसते. साम्राज्य नसतं तर पॅरिसच्या सोनाराने मंगोल खानासाठी झाड घडवलं नसतं, आणि जग त्या एका झाडापुरतं गरीब राहिलं असतं. मला हा आक्षेप हसण्यावारी नेता येत नाही. आपण जे खातो, जे बोलतो, ज्या रागावर डोळे मिटून ऐकतो, त्यातलं किती तरी अशाच आगींतून आलेलं आहे. ते सगळं टाकून दिलं तर हातात काही उरणार नाही. म्हणून टाकू नये. पण ठेवून घेणं वेगळं आणि आग लावणाऱ्याला शाबासकी देणं वेगळं. घेतलेल्या वस्तूबरोबर ती कुठून आली हेही घ्यावं लागतं.

हा हिशोब एकट्या मंगोलांचा नाही. इब्न बतूता हा मोरोक्कोचा प्रवासी १३३० च्या दशकात व्होल्गाकाठच्या सराय शहरात गेला होता. ते शहर त्याला इतकं मोठं वाटलं की सकाळी एका टोकाहून निघून दुसऱ्या टोकाला पोचेतो दुपार झाली. मंगोल, किपचाक, चेर्केस, रशियन असे किती तरी लोक तिथे आपापल्या वस्त्यांत राहताना त्याने पाहिले. हाच इब्न बतूता पुढे आपल्या दौलताबादलाही आला आणि तिथल्या गाणाऱ्यांच्या बाजाराने खूश झाला. १३२७ च्या सुमारास मुहंमद तुघलकाने दिल्लीच्या लोकांना सक्तीने तिथे हलवलं होतं, ती हकीकतही त्यानेच लिहिली आहे. एकाच प्रवाशाने गजबज पाहिली आणि ती कशी झाली तेही लिहिलं. एक लिहिलं म्हणून दुसरं खोडलं नाही. मला ही पद्धत अनुकरण करण्यासारखी वाटते.

सरायचं पुढे काय झालं तेही ऐकण्यासारखं आहे. १३९५ मध्ये तैमूरने ते लुटलं. सोळाव्या शतकात रशियनांनी आस्त्राखानचा किल्ला बांधायला तिथल्या विटा उपसून नेल्या. नंतर त्या जागी सोरा काढायचा उद्योग सुरू झाला, बंदुकीच्या दारूत लागतो तो सोरा. आज तिथल्या खेड्याचं नावच सेलित्रेन्नोये, म्हणजे सोऱ्याचं गाव. बांधणाऱ्यांची नावं तर कधीच गेली होती, मग विटा गेल्या.

काराकोरमच्या बाबतीत मात्र आता उलटा प्रवास सुरू झाला आहे. मंगोलियाच्या सरकारने ओर्खोन खोऱ्यात नवं खारखोरुम उभारायची योजना जाहीर केली आहे. एखाद्या देशाला आपली जुनी राजधानी पुन्हा वसवावीशी वाटणं मी समजू शकतो. ऐंशी-नव्वद वर्षांपूर्वी याच देशात एर्देने झू मठाची बहुतेक मंदिरं सरकारी आदेशाने पाडली गेली. इतकं हिरावलं गेल्यावर आपलं काही परत मिळवावंसं वाटणारच. पण नाव परत आणताना प्रश्न येतो, त्या नावातलं नेमकं काय आणायचं? तुतारीवाला देवदूत आणायचा, की त्याच्याबरोबर खालच्या पोकळीतल्या माणसाचीही आठवण ठेवायची?

मी माझ्यापुरती एक कसोटी ठरवली आहे, आणि ती जुन्या शहरांना जितकी लागू पडते तितकीच नव्यांना. कोणत्याही झगमगाटासमोर उभं राहिल्यावर किती देवळं, किती भाषा, किती मजले हे जरूर मोजावं. पण त्याबरोबर एक साधी गोष्ट विचारावी. हे ज्यांनी घडवलं, त्यांना इथून निघून जाता येत होतं का? आज बटण दाबल्यावर दहा मिनिटांत दाराशी येणाऱ्या पिशवीलाही हा प्रश्न विचारता येतो. उत्तर 'नाही' असेल तर ती वस्तू कुरूप होत नाही. फक्त आपलं कौतुक योग्य पत्त्यावर जातं.

विल्यमला काराकोरमहून जाता आलं. १२५४ च्या उन्हाळ्यात तो खानाचं पत्र घेऊन परत निघाला. गियोम बूशे मागेच राहिला. त्याने विल्यमबरोबर फ्रान्सच्या राजासाठी एक भेट पाठवली. मौल्यवान खडा बसवलेला पट्टा, तिकडचे लोक विजेपासून आणि गडगडाटापासून रक्षण व्हावं म्हणून बांधतात तसा. राजाला त्याने आठवणीने नमस्कार कळवला, आणि आपण पूर्वी त्याच्याच शहरातले होतो हेही.